सायकलस्वार आणि बसचालक यांच्यातील संघर्ष

सायकलस्वार आणि बसचालक यांच्यातील संघर्ष म्हणजे एकाच रस्त्याचा वापर करणाऱ्या या दोन घटकांमध्ये जागा, वेग आणि अग्रक्रम यांवरून उद्भवणारे वाद, धोक्याचे प्रसंग आणि अपघात होत. सायकल आणि बस ही दोन्ही सामान्य उत्पन्न असलेल्या लोकांची वाहने असून दोन्ही रस्त्याच्या डाव्या कडेचा वापर करतात. त्यामुळे स्वतंत्र सायकल मार्ग नसलेल्या रस्त्यांवर त्यांचा परस्परांशी वारंवार संबंध येतो. महाराष्ट्रात हा प्रश्न पुण्यासारख्या शहरांत महापालिकेच्या बससेवेच्या संदर्भात, तर ग्रामीण भागात राज्य परिवहन महामंडळाच्या (एसटी) गाड्या आणि सायकलने शाळेत जाणारे विद्यार्थी यांच्या संदर्भात दिसून येतो. सोलापूर जिल्ह्यातील नातेपुतेसारख्या महामार्गावरील गावांत या प्रश्नाला ऊस वाहतूक, पालखी सोहळा आणि रस्त्याचे चौपदरीकरण असे स्थानिक पैलूही आहेत.

वाहतूक अभियांत्रिकीच्या दृष्टीने हा संघर्ष केवळ व्यक्तींच्या वर्तनाचा परिणाम मानला जात नाही. रस्त्याची रुंदी, थांब्यांची रचना, बसच्या वेळापत्रकाचा ताण आणि दोन्ही वाहनांच्या वेगातील व वजनातील तफावत ही त्याची मुख्य कारणे समजली जातात.

संज्ञा व व्याप्ती

मराठीत ‘दुचाकी’ हा शब्द आज प्रामुख्याने मोटारसायकल व स्कूटर यांसाठी वापरला जातो. पायाने चालवल्या जाणाऱ्या वाहनाला ‘सायकल’ असेच म्हणतात. कायद्याच्या परिभाषेत सायकल हे यांत्रिक शक्तीवर न चालणारे वाहन असून ते मोटार वाहन या व्याख्येत येत नाही. त्यामुळे सायकल चालवण्यासाठी परवाना, नोंदणी किंवा विमा यांची आवश्यकता नसते. पादचारी, सायकलस्वार आणि मोटारसायकलस्वार यांना रस्ता सुरक्षेच्या साहित्यात ‘असुरक्षित रस्ता वापरकर्ते’ असे संबोधले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालांनुसार जगातील रस्ते अपघातांतील निम्म्याहून अधिक मृत्यू या गटात होतात.

केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ व्यक्तींचा मृत्यू झाला. यांपैकी साडेचार हजारांहून अधिक मृत व्यक्ती सायकलस्वार होत्या. अपघाताविना टळलेले धोक्याचे प्रसंग मात्र अशा आकडेवारीत येत नाहीत. हूल देऊन जाणारी बस, कर्कश हॉर्न, साइडपट्टीवर उतरावे लागणे, थांब्यावर अडलेली वाट हे दैनंदिन संघर्षाचे स्वरूप असून त्याचा परिणाम सायकल वापर सोडून देण्यात होतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रातील शहरांत सायकल हे मध्यमवर्ग, कामगार आणि विद्यार्थी यांचे प्रमुख वाहन बनले. पुणे हे ‘सायकलींचे शहर’ म्हणून ओळखले जात असे. त्या काळात सायकलीवर पूर्णपणे कोणतेही नियंत्रण नव्हते असे नाही. अनेक नगरपालिका सायकलीवर कर आकारत आणि कर भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला देत. रात्री दिवा नसणे किंवा डबलसीट जाणे यांबद्दल पोलीस दंड करीत. कालांतराने हे कर आणि बिल्ले बंद झाले.

सार्वजनिक बससेवेचा विस्तार याच काळातील आहे. पुण्यात १९४० च्या दशकात सिल्व्हर ज्युबिली मोटर्स ही खासगी कंपनी शहर बससेवा देत असे. ती सेवा पुढे स्थानिक प्रशासनाकडे आली व महापालिकेच्या स्थापनेनंतर १९५० पासून पुणे म्युनिसिपल ट्रान्सपोर्ट (पीएमटी) या नावाने चालू लागली. राज्य पातळीवर १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. रस्ते अरुंद असले तरी मोटारींची संख्या अल्प असल्यामुळे सायकल आणि बस यांचे सहअस्तित्व तुलनेने सुसह्य होते.

१९८० च्या दशकानंतर मोपेड, स्कूटर आणि मोटारसायकल यांचा प्रसार झाला. मोटारींच्या संख्येत वाढ झाल्याने सायकलस्वार रस्त्याच्या मध्यापासून डाव्या कडेकडे ढकलले गेले आणि ती कड बसथांबे, उभी वाहने व हातगाड्या यांनी व्यापलेली होती. परिणामी बस आणि सायकल ही दोन्ही वाहने एकाच अरुंद पट्ट्यात आली. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती; तरीही नव्या रस्त्यांच्या आराखड्यात तिला स्वतंत्र जागा क्वचितच मिळाली.

संघर्षाची कारणे

रस्त्याची रुंदी

भारतात बसची कमाल अनुज्ञेय रुंदी २.६ मीटर आहे. दुपदरी रस्त्याचा डांबरी भाग सामान्यतः ७ मीटर रुंद, म्हणजे प्रत्येक दिशेला साडेतीन मीटर असतो. सायकलस्वाराला तोल सावरण्यासाठी लागणारी जागा धरून सुमारे १ मीटर रुंदी लागते. बस व सायकल यांच्यात १ मीटर अंतर ठेवायचे झाल्यास एकूण ४.६ मीटर जागा आवश्यक ठरते. याचा अर्थ, सायकलस्वार अगदी कडेने जात असला तरी बसला मध्यरेषेच्या पलीकडे किमान १.१ मीटर जावेच लागते. त्याच वेळी समोरून दुसरी बस आली, तर दोन बसगाड्यांनी ५.२ मीटर व्यापल्यावर केवळ १.८ मीटर उरतात. त्यात सायकल, तिच्या शेजारचे अंतर आणि दोन बसगाड्यांमधील अंतर हे सर्व सुरक्षितपणे सामावत नाही. अशा स्थितीत बसचालकाने वेग कमी करून मागे थांबणे किंवा सायकलस्वाराने रस्ता सोडून खाली उतरणे हे दोनच पर्याय राहतात. प्रत्यक्षात दुसरा पर्याय गृहीत धरला जातो आणि वादाचे मूळ बहुधा येथेच असते.

साइडपट्टी डांबरी पृष्ठभागापेक्षा खोल असल्यास, तसेच तिच्यावर खडी, चिखल किंवा बाभळीचे काटे असल्यास चालती सायकल खाली उतरवणे धोक्याचे ठरते. पुन्हा वर चढताना चाक कडेला घासून सायकलस्वार रस्त्याच्या बाजूला पडण्याची शक्यता असते.

वेगातील तफावत

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी बस सेकंदाला सुमारे १६.७ मीटर, तर ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल सुमारे ४.२ मीटर अंतर कापते. शंभर मीटर पुढे असलेल्या सायकलपर्यंत बस आठ सेकंदांत पोहोचते. भारतीय रस्ते महासभेच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) मानकांनुसार ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन थांबवण्यासाठी ८० मीटर दृश्य अंतर आवश्यक मानले जाते. त्यामुळे वळणावर किंवा चढावाच्या पलीकडे अचानक सायकल दिसल्यास चालकाला निर्णयासाठी अत्यल्प वेळ मिळतो.

दुसऱ्या बाजूने पाहता, बसने सायकलमागे दहा सेकंद तिच्याच वेगाने चालण्याने होणारा विलंब सुमारे साडेसात सेकंदांचा असतो. पुन्हा वेग घेण्याचा काळ धरूनही तो साधारणपणे अर्ध्या मिनिटाच्या आत राहतो.

बसथांबे व पाठशिवणी

शहरातील बस प्रत्येक थांब्यासाठी डावीकडे येते आणि पुन्हा प्रवाहात शिरते. थांबे सुमारे अर्ध्या किलोमीटरवर असल्यास थांबण्याचा वेळ व सिग्नल धरून बसचा सरासरी वेग सायकलच्या वेगाच्या जवळपास येतो. त्यामुळे एकच बस आणि एकच सायकलस्वार एका फेरीत अनेक वेळा एकमेकांना मागे टाकतात. प्रत्येक वेळी बस सायकलसमोर आडवी येते किंवा सायकलस्वार उभ्या बसला उजवीकडून वळसा घालतो. डावीकडून वळसा घातल्यास तो उतरणाऱ्या प्रवाशांच्या मार्गात येतो.

वळणे व न दिसणारा भाग

लांब बस डावीकडे वळताना तिची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतल्या बाजूने जातात. वळणावर बसच्या डावीकडे थांबलेला सायकलस्वार त्यामुळे बस व कडेचा दगड यांच्यामध्ये अडकू शकतो. चालकाच्या डाव्या आरशात न दिसणारा भागही याच बाजूला मोठा असतो. बसमध्ये दाराजवळ प्रवाशांची गर्दी असल्यास तो आणखी वाढतो.

वजन व हवेचा झोत

प्रवाशांनी भरलेल्या बसचे वजन दहा टनांहून अधिक, तर सायकलीचे वीस किलोग्रॅमच्या आसपास असते. म्हणून हलका स्पर्शही सायकलस्वाराच्या दृष्टीने गंभीर ठरतो. वेगाने जवळून जाणाऱ्या मोठ्या वाहनामुळे प्रथम बाहेर ढकलणारा आणि नंतर आत ओढणारा हवेचा झोत निर्माण होतो. लहान मुले आणि कॅरिअरवर ओझे असलेले सायकलस्वार यांचा तोल त्यामुळे जाऊ शकतो.

दोन्ही पक्षांची भूमिका

बसचालक

बसचालकाला ठरावीक वेळेत फेरी पूर्ण करावयाची असते. मोटार वाहतूक कामगार अधिनियम, १९६१ नुसार त्याच्या कामाची मर्यादा दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ठरवण्यात आली होती. तथापि वाहतूक कोंडी, नादुरुस्त गाड्या व मनुष्यबळाची कमतरता यांमुळे प्रत्यक्ष ताण अधिक असल्याच्या तक्रारी चालकांच्या संघटना करीत असतात. विलंब झाल्यास प्रवासी व वाहतूक नियंत्रक यांचा, तर अपघात झाल्यास पोलीस कारवाई, निलंबन आणि जमावाचा रोष यांचा सामना चालकालाच करावा लागतो.

सायकलस्वारांविषयी चालकांच्या नेहमीच्या तक्रारी पुढीलप्रमाणे आहेत : रात्री दिवा किंवा परावर्तक नसणे, हात न दाखवता वळणे, दोन-तीन जणांनी शेजारी-शेजारी गप्पा मारत सायकल चालवणे, कानात इअरफोन घालणे आणि विरुद्ध दिशेने येणे. अवजड वाहन अचानक थांबवल्यास आत उभे असलेले प्रवासी पडून जखमी होतात, ही बाजूही ते मांडतात.

भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ च्या उपकलम (२) मध्ये, अपघातानंतर पोलिसांना वा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद करण्यात आली. जानेवारी २०२४ मध्ये तिच्या विरोधात देशभर मालमोटार व बसचालकांनी आंदोलन केले. जखमीला मदत करण्यासाठी थांबल्यास जमावाकडून मारहाणीचा धोका असतो, हा चालकांचा मुख्य युक्तिवाद होता. १ जुलै २०२४ पासून संहिता लागू झाली, तेव्हा हे उपकलम स्थगित ठेवण्यात आले.

सायकलस्वार

सायकलस्वारांमध्ये दोन भिन्न गट आढळतात. पहिला गट गरजेपोटी सायकल वापरणाऱ्यांचा आहे. त्यात शालेय विद्यार्थी, शेतमजूर, बांधकाम कामगार, वृत्तपत्र व दूध विक्रेते यांचा समावेश होतो. दुसरा गट व्यायाम किंवा छंद म्हणून सायकल चालवणाऱ्यांचा असून त्याच्याकडे हेल्मेट, दिवे आणि संघटित मंडळे असतात. सायकल मार्गांविषयीच्या चर्चेत दुसऱ्या गटाचा आवाज अधिक ऐकू येतो, तर धोक्याचा मोठा भाग पहिल्या गटाच्या वाट्याला येतो.

बस अतिशय जवळून जाणे, पाठीमागून सतत हॉर्न वाजवणे, ओलांडून जाताच थांब्यासाठी समोर आडवी घालणे आणि समोरून येणाऱ्या बसने दुसऱ्या वाहनाला ओलांडताना सायकलचे अस्तित्वच विचारात न घेणे, या सायकलस्वारांच्या मुख्य तक्रारी आहेत. सायकलस्वार कडेपासून थोडे आत चालतो तेव्हा तो वाट अडवतो असा समज होतो. प्रत्यक्षात खड्डे, गटारांची झाकणे आणि उभ्या मोटारींची उघडणारी दारे टाळण्यासाठी ते आवश्यक असते.

कायदेशीर तरतुदी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा मुख्यतः मोटार वाहनांना लागू होतो. त्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक पद्धतीने वाहन चालवण्याबद्दल शिक्षा आहे. कलम १३४ नुसार अपघातातील जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे हे चालकाचे कर्तव्य आहे. मात्र जमावाच्या रोषामुळे ते शक्य नसल्याचा अपवाद कायद्यानेच मान्य केला आहे. २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांनी पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध व अपंग व्यक्ती यांच्या सुरक्षिततेची विशेष काळजी घेण्याची जबाबदारी चालकांवर टाकली आहे. सायकलला ओलांडताना किती मीटर अंतर ठेवावे, याचा आकडा मात्र केंद्रीय कायद्यात नाही.

केंद्र शासनाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार नऊपेक्षा अधिक आसनांच्या प्रवासी वाहनांची कमाल वेगमर्यादा दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यांवर ताशी ९० किलोमीटर, तर महापालिका हद्दीतील व इतर रस्त्यांवर ताशी ६० किलोमीटर आहे. स्थानिक प्रशासन याहून कमी मर्यादा ठरवू शकते.

२०१९ च्या दुरुस्तीने या अधिनियमात कलम १३८ (१-क) समाविष्ट करण्यात आले. त्यानुसार यांत्रिक शक्तीवर न चालणारी वाहने आणि पादचारी यांच्या रस्त्यावरील वावराबाबत नियम करण्याचा अधिकार राज्य शासनांना मिळाला. असे नियम करण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये राज्यांना दिले. त्याच दुरुस्तीतील कलम १९८-क नुसार रस्त्याची रचना, बांधकाम वा देखभाल यांतील सुरक्षा मानके न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास संबंधित प्राधिकरण, कंत्राटदार वा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या तरतुदीमुळे अपघाताची जबाबदारी केवळ चालक व सायकलस्वार यांच्यापुरती मर्यादित राहत नाही.

सायकलस्वारालाही कायद्याचे बंधन आहे. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन चालवण्याचा भारतीय न्याय संहितेतील गुन्हा (कलम २८१) मोटार वाहनांपुरता मर्यादित नाही. नुकसानभरपाईच्या दाव्यांत सायकलस्वाराचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्यास मोटार अपघात दावे न्यायाधिकरण त्या प्रमाणात रक्कम कमी करू शकते. पळून गेलेल्या अज्ञात वाहनामुळे मृत्यू झाल्यास १ एप्रिल २०२२ पासून दोन लाख रुपये, तर गंभीर दुखापत झाल्यास पन्नास हजार रुपये भरपाईची तरतूद आहे.

पुणे शहरातील अनुभव

बस आणि सायकल यांना स्वतंत्र जागा देण्याचा महाराष्ट्रातील पहिला मोठा प्रयोग पुण्यात झाला. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर या मार्गावर जलद बस वाहतुकीचा (बीआरटी) पथदर्शी प्रकल्प सुरू झाला. त्यात बससाठी रस्त्याच्या मध्यभागी मार्गिका आणि कडेला सायकल मार्ग अशी रचना होती. बस मध्यभागी गेल्यास कडेच्या थांब्यांवरील पाठशिवणी संपते आणि संघर्षाचे एक प्रमुख कारण दूर होते, हे या रचनेमागील तत्त्व होय.

प्रत्यक्षात अनेक ठिकाणी सायकल मार्ग सलग राहिले नाहीत. विजेचे खांब, झाडे, दुकानांची अतिक्रमणे, उभ्या दुचाकी आणि चौकांत अचानक संपणारी मार्गिका यांमुळे सायकलस्वार पुन्हा मुख्य रस्त्यावर किंवा मोकळ्या दिसणाऱ्या बस मार्गिकेत येऊ लागले. बस मार्गिकेत वेगाने येणाऱ्या बसची अपेक्षा नसल्याने आणि चालकालाही तेथे सायकलची अपेक्षा नसल्याने हा प्रकार विशेष धोकादायक ठरतो.

१९ ऑक्टोबर २००७ रोजी पुणे व पिंपरी-चिंचवड येथील परिवहन सेवांचे विलीनीकरण होऊन पुणे महानगर परिवहन महामंडळ (पीएमपीएमएल) अस्तित्वात आले. पुणे महापालिकेने डिसेंबर २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखड्यास मान्यता दिली. त्यात शहरभर आठशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या सायकल मार्गांचे जाळे प्रस्तावित होते. त्याच सुमारास भाड्याच्या सार्वजनिक सायकलींच्या योजनाही सुरू झाल्या. मात्र त्या दीर्घकाळ टिकल्या नाहीत. २०२३ मध्ये नगर रस्त्यावरील बीआरटी मार्गिकेचा काही भाग हटवण्यात आला. या निर्णयाने बस पुन्हा मिश्र वाहतुकीत आल्याची टीका सार्वजनिक वाहतुकीच्या समर्थकांनी केली.

नातेपुते व परिसर

नातेपुते हे सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील नगरपंचायत असलेले गाव पुणे–पंढरपूर मार्गावर, फलटण आणि माळशिरस यांच्या दरम्यान वसले आहे. आळंदीहून निघणाऱ्या संत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा सातारा जिल्हा ओलांडल्यानंतरचा, सोलापूर जिल्ह्यातील पहिला मुक्काम येथे असतो. शिखर शिंगणापूर हे तीर्थक्षेत्र जवळ असल्याने चैत्रातील यात्रेच्या काळातही या भागातील रस्त्यांवर वर्दळ वाढते. गावात एसटीचे बसस्थानक असून परिसरातील वाड्या-वस्त्यांचा तालुक्याच्या ठिकाणाशी व अकलूज, फलटण या बाजारपेठांशी संबंध मुख्यतः रस्त्यानेच येतो.

ग्रामीण संघर्षाचे स्वरूप शहरापेक्षा वेगळे असते. येथे बसगाड्यांची संख्या कमी, परंतु वेग अधिक असतो. सायकलस्वारांत शाळकरी मुलामुलींचे प्रमाण मोठे असते आणि त्यांची ये-जा सकाळ-संध्याकाळच्या ठरावीक वेळी एकवटते. मुक्कामी एसटी परतण्याची आणि शाळा भरण्याची वेळ अनेक गावांत एकच असते. या भागातील विशेष बाब म्हणजे ऊस वाहतूक. माळशिरस तालुक्यात सदाशिवनगर व अकलूज येथे सहकारी साखर कारखाने आहेत. गळीत हंगामात ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉली आणि बैलगाड्या रस्त्याची डावी बाजू व्यापतात. संथ ट्रॉलीला ओलांडण्यासाठी बस उजवीकडे जाते, तेव्हा समोरून कडेने येणाऱ्या सायकलस्वाराची जागा तिच्या मार्गात येते. ट्रॉलीतून पडलेला ऊस आणि पाचट यांमुळे सायकल घसरण्याचा धोकाही असतो.

सायकलस्वार आणि बसप्रवासी हे येथे परस्परांपासून वेगळे गट नाहीत, हे महत्त्वाचे आहे. शाळेपर्यंत सायकलने जाणारा विद्यार्थी महाविद्यालयासाठी एसटीचा पास काढतो, तर पावसाळ्यात किंवा सायकल नादुरुस्त असताना शाळेसाठीही त्याला एसटीचाच आधार असतो. राज्य शासनाच्या धोरणातही ही दोन्ही साधने एकत्र आली आहेत. एसटीच्या अहिल्याबाई होळकर योजनेत विद्यार्थिनींना मोफत पास दिला जातो. मानव विकास कार्यक्रमात समाविष्ट असलेल्या राज्यातील १२५ तालुक्यांत, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू विद्यार्थिनींना सायकली आणि त्याहून दूर राहणाऱ्यांसाठी स्वतंत्र बसगाड्या अशी व्यवस्था करण्यात आली. शाळेचा रस्ता धोकादायक वाटल्यास पालक प्रथम मुलींची सायकल बंद करतात. त्यामुळे रस्त्याची सुरक्षितता हा मुलींच्या शिक्षणाशीही निगडित प्रश्न ठरतो.

पालखी मार्गाचे चौपदरीकरण

८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते संत ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग व संत तुकाराम महाराज पालखी मार्ग यांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. नातेपुते ज्या मार्गावर आहे, त्या ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्गाच्या दिवेघाट ते मोहोळ या सुमारे २२१ किलोमीटर लांबीसाठी ६,६९० कोटी रुपयांहून अधिक खर्च अंदाजित करण्यात आला. पायी चालणाऱ्या वारकऱ्यांसाठी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्र पदपथ हे या प्रकल्पाचे वैशिष्ट्य होय.

चौपदरी दुभाजित रस्त्यामुळे समोरासमोरील वाहतूक वेगळी होते आणि सायकलला ओलांडण्यासाठी बसला उजवीकडची दुसरी मार्गिका उपलब्ध होते. या दृष्टीने वर वर्णन केलेला दुपदरी रस्त्यावरील संघर्ष सौम्य होतो. परंतु अशा रस्त्यांवर नवे प्रश्नही उद्भवतात. वाहनांचा वेग वाढतो. दुभाजकातील खुल्या जागा दूर असल्यास पलीकडच्या शेतात किंवा शाळेत जाण्यासाठी सायकलस्वार लांबचा वळसा टाळून विरुद्ध दिशेने येतात. रस्ता ओलांडण्याचे अंतर दुप्पट होते. पालखी मार्गावरील पदपथाचा उद्देश वारकऱ्यांची पायी वाटचाल हा असून तो स्वतंत्र सायकल मार्ग म्हणून आखलेला नाही.

वारीचा काळ

आषाढी वारीच्या काळात पालखीच्या मार्गावरील अवजड वाहतूक पोलीस व जिल्हा प्रशासन पर्यायी मार्गांनी वळवतात. त्यामुळे ज्या रस्त्यावर एरवी बसला प्राधान्य गृहीत धरले जाते, त्याच रस्त्यावर काही दिवस पायी चालणाऱ्याला अग्रक्रम मिळतो. एसटी महामंडळ आषाढीसाठी राज्यभरातून पंढरपूरला जादा गाड्या सोडते. २०२४ मध्ये त्यांची संख्या पाच हजारांच्या घरात होती. अलीकडच्या काळात सायकलने पंढरपूरला जाण्याची ‘सायकल वारी’ही रूढ झाली असून नाशिक, पुणे व इतर शहरांतील सायकल मंडळे तिचे आयोजन करतात. या काळात पंढरपूरकडे जाणाऱ्या रस्त्यांवर जादा बसगाड्या आणि सायकलस्वारांचे गट एकाच वेळी असतात. म्हणून आयोजक बहुधा पहाटे निघणे, लहान गट करणे, एका रांगेत चालणे आणि मागे मदत वाहन ठेवणे हे नियम पाळतात.

इतर देशांतील उपाय

अनेक देशांनी सायकलला ओलांडताना ठेवावयाचे किमान अंतर कायद्याने निश्चित केले आहे. फ्रान्समध्ये ते वस्तीत १ मीटर व वस्तीबाहेर दीड मीटर आहे. जर्मनीत २०२० पासून वस्तीत दीड मीटर व वस्तीबाहेर २ मीटर अंतर बंधनकारक आहे. ब्रिटनमधील वाहतूक संहितेत जानेवारी २०२२ मध्ये बदल करून ‘अधिक हानी करू शकणाऱ्या वाहनावर अधिक जबाबदारी’ हे तत्त्व स्वीकारण्यात आले. लंडन व पॅरिस या शहरांत अनेक बस मार्गिकांतून सायकलींना जाण्याची मुभा आहे. नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात मुलांच्या अपघाती मृत्यूंविरुद्ध झालेल्या जनआंदोलनानंतर स्वतंत्र सायकल मार्गांचे धोरण बळकट झाले. तेथे अनेक ठिकाणी सायकल मार्ग बसथांब्याच्या मागून नेला जातो.

ब्राझील व मेक्सिको येथील काही प्रशिक्षण कार्यक्रमांत बसचालकांना जागेवर स्थिर केलेल्या सायकलीवर बसवून त्यांच्या शेजारून बस नेण्यात आली. लंडनमध्ये याच्या उलट, सायकलस्वारांना अवजड वाहनाच्या चालकाच्या आसनावर बसवून आरशात न दिसणारा भाग दाखवण्याचा उपक्रम पोलिसांनी राबवला.

दिल्लीचा अनुभव वेगळा धडा देणारा आहे. तेथील खासगी ब्ल्यूलाइन बसगाड्यांचे उत्पन्न प्रवाशांच्या संख्येवर अवलंबून असल्याने चालकांमध्ये पुढे जाण्याची स्पर्धा लागत असे आणि त्यांच्या अपघातांबद्दल तीव्र जनक्षोभ निर्माण झाला. पुढे या सेवा टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आल्या. चालकाच्या वर्तनावर वेतनपद्धतीचा परिणाम होतो, याचे हे उदाहरण मानले जाते.

उपाययोजना

भारतीय रस्ते महासभेच्या १९६२ च्या मानकानुसार, ताशी १०० ते २०० मोटार वाहनांची ये-जा असलेल्या रस्त्यावर गर्दीच्या वेळी ताशी ४०० किंवा अधिक सायकली असल्यास स्वतंत्र सायकल मार्ग विचारात घ्यावा असे सुचवले होते. २०१५ मध्ये या मानकाची सुधारित आवृत्ती आली. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने वाहनांऐवजी माणसांच्या दळणवळणाला महत्त्व देण्याचे तत्त्व मांडले. सर्वसाधारणपणे सुचवले जाणारे उपाय पुढीलप्रमाणे आहेत :

• रस्ता रचना : वेगवान रस्त्यांवर सलग व अडथळाविरहित सायकल मार्ग, ग्रामीण रस्त्यांवर डांबरी पृष्ठभागाच्या समपातळीत असलेली पक्की साइडपट्टी.
• बसथांबे : थांब्यासाठी रस्त्याबाहेर खोलगट जागा किंवा थांब्याच्या मागून जाणारा सायकल मार्ग.
• वेगनियंत्रण : शाळा, बसस्थानक व आठवडा बाजार यांच्या परिसरात कमी वेगमर्यादा.
• वेळापत्रक : प्रत्यक्ष वाहतुकीचा विचार करून फेरीला पुरेसा वेळ, विलंबाबद्दल चालकावर एकतर्फी कारवाई टाळणे.
• प्रशिक्षण : चालकांसाठी सायकलला ओलांडण्याचे प्रात्यक्षिक, विद्यार्थ्यांसाठी हात दाखवून वळणे, एका रांगेत चालणे व उभ्या बसच्या पुढून अचानक न येणे यांचे शिक्षण.
• दृश्यता : सायकलीला मागे तांबडा व पुढे पांढरा परावर्तक, रात्री दिवा, बसला डाव्या बाजूचे अतिरिक्त आरसे.

मतभेद

स्वतंत्र सायकल मार्ग हाच अंतिम उपाय आहे का, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. एका मतानुसार जागेच्या विभागणीशिवाय सायकल वापर वाढणार नाही. दुसऱ्या मतानुसार, अर्धवट मार्ग बांधल्याने सायकलस्वारांचा मुख्य रस्त्यावरील हक्क नाकारला जातो आणि चौकातील धोका कायम राहतो. म्हणून अशा रस्त्यांवर सर्व वाहनांचा वेग कमी करणे अधिक परिणामकारक ठरते. बस मार्गिकेत सायकलींना प्रवेश देण्याबाबतही मतभेद आहेत. मार्गिका पुरेशी रुंद नसल्यास बस सायकलच्या वेगाने चालते आणि प्रवाशांचा वेळ जातो, असा आक्षेप घेतला जातो.

सायकलीवर पुन्हा नोंदणी किंवा दंडात्मक नियम लादावेत अशी मागणी अधूनमधून होते. परवान्याची अट सर्वाधिक गरीब प्रवाशांवर आणि विद्यार्थ्यांवर पडेल, हा तिच्याविरुद्धचा प्रमुख युक्तिवाद आहे. याउलट, केवळ बसचालकाला दोषी ठरवण्याच्या प्रवृत्तीवर कामगार संघटनांचा आक्षेप असतो. रस्त्याची सदोष रचना आणि अवास्तव वेळापत्रक यांची जबाबदारी निश्चित केल्याशिवाय चालकावरील शिक्षा वाढवून अपघात कमी होणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे आहे.

हेही पाहा

• सायकल
• महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ
• पुणे महानगर परिवहन महामंडळ
• मोटार वाहन अधिनियम, १९८८
• पालखी सोहळा
• नातेपुते